भट्टीवरचं तोंड

बहिरू भट्टीवर कामाला होता, असं सांगितलं की नाशकात ऐकणारा क्षणभर थांबतो. भट्टी चिवड्याची असते, तशी हातभट्टीही असते. बहिरूला दोन्ही ठाऊक होत्या. चिवड्याच्या भट्टीवर तो तेवीस वर्षं उभा होता. दुसऱ्या भट्टीकडे तो चौदा वर्षं गेला आणि नऊ वर्षांपूर्वी थांबला.

त्याचं काम पोहे तळण्याचं. एक घाणा दीड किलोचा, असे दिवसाला ऐंशी घाणे. सणाच्या दिवसांत शंभरावर. तेल तापलं का, हे तो एक पोहा टाकून बघायचा. पोहा तळाशी बसला तर थांबायचं. अलगद फुलून वर आला तर घाणा सोडायचा. वर येता येता तांबूस झाला तर भट्टी कमी करायची. घाणा सोडल्यापासून झारा वर येईपर्यंत दहा अंक मोजायचे, अकरावा नाही. अकराव्या अंकाला पोहा कडवट होतो. खाणाऱ्याला ते कळत नाही, फक्त दुसरी मूठ तो भरत नाही. हे बहिरूला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यानं फुकट घालवलेल्या घाण्यांनी शिकवलं होतं.

होळीनंतर त्याच्या तोंडावर लाली आली. आधी गालांवर, मग नाकावर. रंग गव्हाळ असल्यामुळं लाली तांब्याच्या भांड्यासारखी दिसायची. भट्टीपुढं उभं राहणाऱ्याचं तोंड तापतंच, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. पण पूर्वी घरी जाऊन पाण्याचे चार हबके मारले की तोंड निवायचं. आता रात्री जेवताना तिखट घास खाल्ला तरी गाल पेटायचे. पंधरा दिवसांत त्या लालीवर बारीक पुटकुळ्या उठल्या, काहींत पिवळा ठिपका. डोळेही चुरचुरायला लागले आणि सकाळी लाल दिसू लागले.

कारखान्यात चिवड्यात मसाला कालवणारा लहानू होता. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बहिरूभाऊ, काल कोणत्या भट्टीवर होता?"

चार जण हसले. बहिरूही हसला. हसला नसता तर आणखी वाईट दिसलं असतं.

घरी त्याच्या लेकीनं, उज्वलानं बघितलं. ती एकवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. तिच्या स्वतःच्या हनुवटीवर दर महिन्याला काहीतरी उठायचं, म्हणून या विषयात घरात तिचा शब्द चालायचा.

"पप्पा, तुम्हाला मुरूम आलेत."

"मुरूम रस्त्यावर टाकत्यात, पोरी. तोंडावर कोण टाकतंय?"

"हसू नका. पिंपल्स आहेत. माझी ट्यूब लावा, आठ दिवसांत जातात."

त्यानं लावली. पोरीनं प्रेमानं दिली म्हणून दोनदा लावली. तोंडावर ठेचा चोळावा तशी आग झाली आणि कातडी सोलायला लागली. तरी त्यानं चार दिवस रेटलं. औषध झोंबतं म्हणजे लागू पडतं, अशी त्याची समजूत होती. कष्टकरी माणसाची ही समजूत फार जुनी आहे आणि तिनं पुष्कळांचं नुकसान केलंय.

मग त्यानं औषधाच्या एका दुकानातून विचारून दुसरी ट्यूब आणली. ती लावली आणि चौथ्या दिवशी तोंड स्वच्छ. लाली गेली, पुटकुळ्या गेल्या. बहिरूनं आरशात दोन्ही गाल वळवून वळवून बघितले. तीन आठवडे तो ती लावत राहिला. ट्यूब संपली, दोन दिवस आणायची राहिली आणि तिसऱ्या दिवशी सगळं दुपटीनं परत आलं. आता नाकावर बारीक लाल शिरासुद्धा दिसायला लागल्या.

लाल नाक, लाल डोळे, सुजरट गाल. असं तोंड घेऊन माणूस संध्याकाळी घरी आला की बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. सिंधूबाईला तर नाहीच.

सिंधूबाई त्याची बायको. मखमलाबादकडे त्यांची वीस गुंठे जमीन होती. तिच्यात ती मेथी, वांगी आणि कडेनं झेंडू घ्यायची आणि गंगापूर रोडला बसून विकायची. चौदा वर्षं तिनं नवऱ्याचं पिणं काढलं होतं. त्या वर्षांत तिला एक विद्या आली होती. बहिरू उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी ती त्याचं तोंड वाचायची. आज किती घेतली, कोणाबरोबर घेतली, आज बडबड होणार की ताट फेकलं जाणार, हे तिला आधी कळायचं. त्याप्रमाणं ती पोरीला शेजारी धाडायची किंवा घरात ठेवायची. या वाचण्यात ती एकदाही चुकली नव्हती.

दारू सुटल्यावर ती विद्या मागं पडली होती. आता ती परत वर आली. सिंधूबाई नुसती ताट वाढून बाजूला बसायला लागली. खुंटीवरचा त्याचा शर्ट धुवायच्या आधी नाकाशी धरायला लागली. बहिरूनं ते एकदा बघितलं. बघितल्याचं दाखवलं नाही.

एका रविवारी तिचा थोरला भाऊ चिमाजी वणीहून आला. नऊ वर्षांपूर्वी त्याच्याच साक्षीनं बहिरूनं सप्तशृंगीच्या गडावर देवीपुढं नारळ ठेवून दारू सोडली होती. चिमाजी साधा, सरळ, मोठ्या आवाजाचा माणूस. चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला,

"दाजी, इचारू नये, पण इचारतो. परत सुरू झालं का?"

"नाय."

"सिंधी रडली फोनवर."

बहिरूनं बायकोकडं बघितलं. ती चुलीशी पाठमोरी होती.

"नाय घेत मी, चिमाजीभाऊ."

"मंग येत्या पुनवेला गडावर चला. देवीपुढं परत नारळ ठेवा, शपथ घ्या. बहिणीचं मन निवांत. तुमचं काय जातंय त्यात?"

"शपथ एकदा घेतलीय."

"परत घ्यायची!"

"परत घेतली म्हंजे पहिली मोडली," बहिरू म्हणाला. "मोडलेली नाय. मी घेनार नाय."

चिमाजीनं मांडीवर थाप मारली. "बगा! खऱ्या माणसाला शपथेची भीती कशापायी?"

बहिरू उठून वांग्यांना पाणी द्यायला गेला. त्या दिवशी त्यानं पाण्याच्या दोन पाळ्या जास्त दिल्या. सिंधूबाईनं ते बघितलं आणि त्याचाही तिनं तोच अर्थ लावला. पूर्वी चोरून पिऊन आला की तो असाच कामाला भिडायचा.

पौर्णिमा आली आणि गेली. बहिरू गडावर गेला नाही. सिंधूबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागली. "पीठ आणा." "बिल भरा." नऊ वर्षं दोघं रात्री जेवून झाल्यावर ओट्यावर बसायची, मेथीच्या जुड्या बांधता बांधता इकडचं तिकडचं बोलायची. आता ती जुड्या आतच बांधायची. बहिरूला नाकाचं दुःख नव्हतं. नाक गळून पडलं असतं तरी चाललं असतं. दारू सोडायला त्यानं जे कष्ट घेतले होते, ते या बाईनं एकटीनं बघितले होते. पहिल्या महिन्यातली हातांची थरथर, रात्रीचा घाम, झारा धरवेना म्हणून मनगटाला बांधलेलं फडकं. आता तीच म्हणत होती की ते सगळं वाया गेलं. एवढा मोठा घाणा त्याचा कधी लाल झाला नव्हता.

शेवटी उज्वलानं मार्ग काढला. तिच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, डोळे चुरचुरतात म्हणून. चेहऱ्यावर थेट पप्पांसारखीच लाली. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्वचेच्या डॉक्टरकडं पाठवलं होतं. उज्वलानं पत्ता लिहून घेतला आणि घरी येऊन जाहीर केलं, "उद्या गंगापूर रोडला दवाखान्यात जायचं. आई, तूपण. तुझ्या बसायच्या जागेपासून पाच मिनिटांवर आहे, सबब सांगू नको."

सिंधूबाई आली. डॉक्टर काय म्हणतात ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टर मनीषा मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. बहिरूनं संपलेल्या दोन्ही ट्यूबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणल्या होत्या. त्यांनी पहिली बघितली आणि बाजूला ठेवली. दुसरी बघितली आणि कपाळाला आठी घातली.

"ही कोणी दिली?"

"दुकानातून आणली. लय गुण आला होता."

"स्टेरॉइड आहे यात. आधी गुण येतो, आणि थांबवली की दुप्पट होऊन येतं. ही परत लावायची नाही. कधीच नाही."

मग त्यांनी विचारलं, लाली कशानं वाढते. बहिरूला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कामाचा प्रश्न विचारला होता. त्यानं अंदाजपंचे काही सांगितलं नाही. भट्टीपुढं सातव्या-आठव्या घाण्याला गाल तापायला लागतात. मिरच्या तळायला घेतल्या की लगेच. उन्हातून सायकलवर आलं की घरी तासभर उतरत नाही. चहा वाफाळता घेतला तर वाढते, बशीत निववून घेतला तर नाही. कोणाशी तोंडातोंडी झाली की वाढते.

"सगळं टिपून ठेवलंत?"

"टिपायचं काय त्यात? रोज तेच बघतोय."

मॅडमनी दिव्याचं भिंग घेतलं आणि त्याचं नाक, गाल, कपाळ नीट बघितलं. पाठ आणि छाती बघितली. तिथं काही नव्हतं. मग त्या उज्वलाकडं वळल्या.

"तू जरा इकडं ये. हनुवटी दाखव. आजी, तुम्हीही या."

सिंधूबाईला आजी म्हटलेलं आवडलं नाही, पण ती उठली. मॅडमनी भिंग तिच्या हातात दिलं.

"आधी मुलीचं बघा. काय दिसतं?"

सिंधूबाई वांग्याचं पान उलटून कीड शोधणारी बाई. तिला बघायचं कसं हे सांगावं लागलं नाही. "काळे ठिपके हायेत. भोकं बुजल्यावानी. आन् पांढरे दाणे."

"बरोबर. हे मुरूम. छिद्र बुजतं, आत दाणा तयार होतो, तो सुजतो. आता यांचं बघा."

सिंधूबाईनं भिंग नवऱ्याच्या गालाजवळ नेलं. तीन महिन्यांत ती इतकी जवळ आली नव्हती. बहिरूनं डोळे मिटून घेतले. तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता.

"काळा ठिपका?"

"एकबी नाय."

"दाणा?"

"नाय. फोड हाय, पन खाली सगळं लाल. आन् बारीक शिरा. मुळ्या पसरल्यात जशा."

"मग हे मुरूम कसे असतील?" मॅडम म्हणाल्या. "फोड सारखे दिसतात, म्हणून माणसं फसतात. मुरमाचं औषध कातडी सोलतं, आणि यांची कातडी मुळातच नाजूक झालेली आहे. म्हणून आग झाली. या आजाराला रोझेशिया म्हणतात. बहुतेक तिशीनंतर होतो. गाल, नाक, कपाळ, हनुवटी, कधी डोळ्यांतही. सावळ्या कातडीवर लाली पटकन ओळखू येत नाही, म्हणून आपल्याकडं उशिरा कळतो. याचा संसर्ग होत नाही. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो."

"रोज येतो म्हनून रोजेशिया का?" सिंधूबाईनं विचारलं. उज्वला हसली. मॅडमही हसल्या.

मग लिहिता लिहिता मॅडमनी सरळ विचारलं, "दारू घेता?"

बहिरू म्हणाला, "घेत होतो. नऊ वर्षं झाली सोडून."

"घेतली की लाली वाढायची का?"

बहिरूनं विचार केला. "ते मला सांगता येनार नाय. तवा हा आजार नव्हता."

मॅडमनी तसंच लिहिलं. बहिरू खुर्चीत पुढं सरकला. घरून निघताना तो एवढंच ठरवून आला होता.

"मॅडम, एक करा. त्या कागदावर लिहा, की हा मानूस पीत नाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी एकदा त्याच्याकडं, एकदा सिंधूबाईकडं बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"ते मी लिहू शकत नाही, काका. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसांना हा आजार होतो. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायका आहेत. दारूनं हा वाढतो, हेही खरं आहे. मला तोंड बघून आजार कळतो, दारू कळत नाही. कोणालाच कळत नाही." त्या सिंधूबाईकडं वळल्या. "तोंडावरून यांच्या बाजूनं साक्ष काढू नका आणि यांच्या विरुद्धही काढू नका."

चेहऱ्याला लावायचं एक मलम, गोळ्या, उन्हात जायच्या आधी लावायचं दुसरं मलम. तोंड चोळायचं नाही, साध्या पाण्यानं धुवायचं. तिखट आणि वाफाळतं जपून. भट्टी सोडता आली तर उत्तम.

"ती सुटनार नाय," बहिरू म्हणाला.

"मग बाजूनं पंखा घ्या आणि मध्ये मध्ये लांब व्हा. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा."

दवाखान्याबाहेर गुलमोहराखाली दोघं थांबली. उज्वला औषधं आणायला गेली. बहिरू जमिनीकडं बघत होता. मॅडमनी आजाराचं नाव दिलं, औषध दिलं, पण त्याला हवं होतं ते दिलं नाही. त्याला राग आला नाही. पोहा कच्चा असताना फुलला म्हणणाऱ्यातल्या त्या बाई नव्हत्या. पण आता हातात काहीच उरलं नव्हतं.

"सिंधू," तो म्हणाला. "चिमाजीभाऊला फोन लाव. उद्या गडावर जाऊ. ठेवतो नारळ. घेतो शपथ."

सिंधूबाईनं पदरानं मान पुसली. मग म्हणाली,

"नको."

"का? तुला तेच पायजे होतं ना?"

"आवं, पीत होता तवा किती शपथा घेतल्या तुमी? मोजल्यात?"

त्यानं चपलेनं एक वाळकी शेंग बाजूला सारली.

"रोज घ्यायचा. देवीची, आईची. उज्वलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायचा, आन् त्योच हात वास मारायचा. शपथ तुमच्या तोंडावरच असायची. इचारायच्या आधी घ्यायचा." तिचा आवाज चढला, जाणाऱ्या दोन बायकांनी वळून बघितलं. "आन् ह्या तीन महिन्यांत भाऊ बोलला, मी बोलनं सोडलं, लहानू काय बाय बोलला. एकदाबी शपथ नाय घेतली तुमी. मला वाटलं घाबरला. लबाडाला कसली भीती? लबाड चार घेतो."

बहिरूनं मान वर केली.

"आन् आत्ता बाईनं इचारलं, दारूनं वाढतं का. पहिल्याचे तुमी असता तर ओरडला असता, मी पीतच नाय! म्हनला काय, तर ठाऊक नाय." ती थांबली. "मी तोंड बघत बसले. शर्टाला वास नव्हता, हात हालत नव्हते, तरी तोंडच बघत बसले. सवय लागली होती मला."

तिनं कमरेची पिशवी उघडून मोबाईल काढला आणि भावाला लावला. चिमाजीचा आवाज मोबाईलबाहेरही ऐकू येत होता.

"काय म्हनला डाक्टर? दारूचंच ना?"

"नाय भाऊ. चामडीचा आजार हाय. नाव सांगते नंतर, तुला म्हनता यायचं नाय."

"मंग गडावर कधी येता?"

"येऊ दर्शनाला. शपथेला येनार नाय."

"अगं पन..."

"येनार नाय म्हनले ना. पहिली पुरेशी हाय." तिनं फोन ठेवला.

उज्वला औषधं घेऊन आली. तिघं रस्त्यानं चालत सिंधूबाईच्या बसायच्या जागेपर्यंत आली. शेजारी लंकाबाई कोथिंबीर घेऊन बसलेली होती. तिनंच सकाळपासून सिंधूबाईच्या वांग्यांवर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं. बहिरूकडं तिरकं बघत तिनं आवाज खाली केला, म्हणजे तिच्या मते खाली.

"काय गं, लागलाय ना परत?"

एरवी सिंधूबाईनं अशा बोलण्यावर मान खाली घातली असती. ती खाली बसली, पाय दुमडले, वांग्यांवरचं फडकं काढलं आणि रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नाय. माझा मालक पीत नाय."

"मंग नाक?"

"नाकाला आजार हाय. तुला गुडघ्याला नाय का? मी तुला कधी इचारलं, कुठं नाचायला गेलतीस?"

लंकाबाई खो खो हसली. उज्वला पप्पांचा हात ओढून म्हणाली, "चला, तिकडं सावलीत उभे राहा, ऊन लागतंय." बहिरू सावलीत गेला नाही. तो तिथंच, उन्हात, बायकोच्या टोपलीशेजारी उभा राहिला. गाल तापले, तापू दिले.

"जा ना कामावर," सिंधूबाई वर न बघता म्हणाली. "अर्धा दिवस हाय अजून. आन् ते उन्हाचं मलम आधी लावा. लाजू नका, इथंच लावा."

बहिरूनं ट्यूब उघडली. रस्त्यावर, चार माणसांत, बावन्नाव्या वर्षी, त्यानं तोंडाला पांढरं मलम लावलं. न चोळता, मॅडमनी सांगितलं होतं तसं.